विश्वंभर मिस्तरीची साक्ष

विश्वंभर मिस्तरीनं उभ्या आयुष्यात एकदाच 'मला येत नव्हतं' असं तोंडानं कबूल केलं, आणि ते इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी हिंगोलीत नोटरी आहे. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसतो, शपथपत्रं करतो. इंग्रजी बरं असल्यामुळं भाषांतराची कामंही येतात. पेटंट हा शब्द मी तोवर फक्त औषधाच्या बाटलीवर वाचला होता.

विश्वंभर पुसेगावचा. दहावीला दोनदा बसला, दोन्हीदा गणितात गेला. मग वसमतला मेहुण्याच्या दुकानात सहा वर्षं जळक्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली आणि गावात येऊन स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. हात चांगला होता. मोटार कशानं जळाली हे तो नुसत्या वासावरून सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. जीभ मात्र वाईट. शेतकरी मोटार घेऊन आला की आधी त्याची अब्रू काढायची, मग मोटार उघडायची. "मोटार हाय का चूल हाय ही? सयपाक केला का तिच्यावर?" लोक हसून घ्यायचे, कारण तसा मिस्तरी सेनगावपर्यंत दुसरा नव्हता. त्याची बायको निता म्हणायची, "आमच्या घरात दोनच मान्सं शाहणी. एक हे, अन् दुसरे बी हेच."

त्याला एक नाद लागला आणि त्यातून हे सगळं घडलं.

शेताच्या लाइनीला थ्री फेज वीज ठरलेल्या तासांतच येते. ती आली की एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचलतात, कारण प्रत्येकानं स्टार्टरला वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला असतो. मोटार उठताना चालण्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. दहा-अकरा मोटारींनी एकदम ओढला की व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते आणि दुसरी येईपर्यंत गहू उभ्याउभ्या वाळतो. इलाज काय करायचा हे सगळ्यांना कळत होतं. मोटारींनी एकामागून एक उठायचं. पण आधी कोण, मागून कोण, आणि हे मोटारीला सांगणार कोण?

विश्वंभर दोन वर्षं याच्या मागं होता. आधी त्यानं प्रत्येक स्टार्टरला टायमर बसवला, पहिल्याला एक मिनिट, दुसऱ्याला दोन. शेतकऱ्यांनी पेट्या उघडून आपापला आकडा शून्यावर आणला. त्यानं पेट्यांना लाखेची सीलं केली, ती फुटली. मग एका स्टार्टरनं दुसऱ्याला मोबाइलवरून निरोप द्यायचा असा घाट घातला, पण शिवारात रेंज नव्हती. प्रत्येक फसलेला डाव तो एका शंभर पानी वहीत तारखेसकट लिहायचा. गावात मात्र विचारलं की एकच उत्तर, "झालंच आता."

दोन हजार सतराच्या डिसेंबरात त्यानं माणिकरावांच्या शेतातल्या डीपीवर सगळ्यांसमोर चाचणी ठेवली. माणिकराव गावातले मोठे जमीनदार, पाच वर्षं सरपंच होते. अकरा मोटारी, टायमरचे अकरा नवे बोर्ड. सकाळी लाइन आली आणि मोटारी खरोखर एकामागून एक उठायला लागल्या. एक, दोन, तीन. सहाव्या मोटारीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातवी उठली आणि फ्यूज गेला. फ्यूज जुना होता, एवढंच.

तो बसवायचं काम मुन्नाचं. मुन्ना गावचा झिरो वायरमन. म्हणजे वीज कंपनीच्या पगारावर नाही, पण लाइनमनच्या नावावर खांबावर चढणारा. असे गावोगाव असतात. गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळात टाळकरी, चहासुद्धा मोजून पिणारा माणूस. तो आधी हँडल खाली ओढून लाइन तोडायला निघाला, तेव्हा विश्वंभर ओरडला, "काहून वेळ घालवतो? पाच मिन्टं एक बी मोटार उचलत न्हाई. टायमर हायेत. बिनधास्त बसव."

टायमरमधले आकडे विश्वंभरनं त्याच पहाटे हातानं भरले होते. पूर्ण वीज तुटली की ते पुसून शून्य होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मुन्नानं वर चढून फ्यूज दाबला आणि अकराच्या अकरा मोटारींनी एकदम करंट ओढला. फ्यूजच्या तोंडाशी जाळ झाला. मुन्ना खाली पडला तेव्हा त्याचा चेहरा उजव्या बाजूनं काळा होता आणि तो "चालू झाल्या का रे?" असं विचारत होता.

उजवा डोळा गेला. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून राहिली.

पंचनामा झाला. विश्वंभरनं जबाब दिला की मुन्नाच्या तोंडाला दारूचा वास येत होता. पंच म्हणून माणिकरावांनी सही केली. पुढं हे असं झालं की एका माळकऱ्याची माळ भजनी मंडळानं उतरवून घेतली आणि त्याचे टाळ दुसऱ्याच्या हातात दिले. मुन्नाची मुलगी प्रतिक्षा, तिची वसमतच्या एका घरी सोयरीक ठरली होती, ती मोडली. वीज कंपनीनं सांगितलं, हा माणूस आमचा नाही, वर पिऊन चढलेला. आणि विश्वंभर दुकानात बसून सांगायचा, "बेवड्याच्या नादी लागलो अन् माझा प्रयोग गेला."

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या दुकानात शिला राठोड आली. जवळच्या तांड्यावरच्या उत्तमसिंगची लेक. शिकून हिंगोलीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. बापाची जळकी मोटार घेऊन आली आणि मोटार सोडून भलतंच विचारत बसली. विश्वंभरला ऐकणारं कुणीतरी पाहिजेच होतं. त्यानं वही काढून दिली. शिला ती घरी घेऊन गेली.

वर्षभरानं तिनं जे केलं ते मी समजून घेतलंय तसं सांगतो. स्टार्टरनं दुसऱ्या कुणाशी बोलायचंच नाही. आपल्या तारेतलं व्होल्टेज तेवढं बघत राहायचं. शेजारची मोटार उठली की ते किंचित बुडतं आणि सावरतं. एक बुडी म्हणजे एक मोटार. स्टार्टरच्या आतला प्रोग्रॅम रोज बुड्या मोजतो, लक्षात ठेवतो आणि आठ-दहा दिवसांत आपला नंबर स्वतःच शोधून काढतो. एखादी नवी मोटार आली की बाकीच्या सरकून घेतात. कुणी आकडा भरायचा नाही, त्यामुळं तो कुणाला बदलता येत नाही आणि पुसलाही जात नाही.

तिनं पेटंटचा अर्ज केला. अर्जात 'आजवरच्या प्रयत्नांतील त्रुटी' अशा नावाखाली दोन पानं होती. ती विश्वंभरच्या वहीतली होती. त्याचं नाव कुठं नव्हतं.

पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं अर्जाला विरोध केला. नुसत्या संगणकाच्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, हा मुद्दा शिलाच्या मुंबईच्या पेटंट एजंटानं कसाबसा पार केला. प्रोग्रॅममुळं मोटारीच्या वागण्यात फरक पडतो, एवढं मान्य झालं. राहिला दुसरा मुद्दा. कंपनीनं दोन जुने कागद समोर ठेवले. पहिल्यात ठरावीक वेळ थांबून मोटार सुरू करणारा मोबाइल स्टार्टर होता. दुसरा परदेशातला लेख, फ्रिजबद्दलचा. गेलेली वीज परत आली की हा फ्रिज व्होल्टेज बघतो आणि ते कमी असलं तर थांबतो. कंपनीचं म्हणणं, हे दोन कागद शेजारी ठेवले की शिलाबाईंची युक्ती आपोआप दिसते. उघड गोष्टीला पेटंट कसलं?

एजंटानं मला फोनवर कायदा समजावला. न्याय करणाऱ्यानं उत्तर विसरायचं. अर्जाच्या तारखेला मागं जायचं आणि त्या धंद्यातला एक साधारण जाणकार माणूस कल्पनेत उभा करायचा. त्याला सगळं जुनं ज्ञान माहीत आहे, पण नवं सुचत नाही. त्याच्यापुढं ते दोन कागद ठेवायचे आणि विचारायचं, हा इथंवर पोचला असता का? 'पोचू शकला असता का' असं विचारायचं नाही. पोचू तर कुणीही शकतो.

"आणि खरोखरचा असा माणूस मिळाला," एजंट म्हणाला, "ज्याच्याकडं दोन्ही गोष्टी होत्या आणि तरी जमलं नाही, तर ते आपल्या बाजूचं."

शिला विश्वंभरला घेऊन माझ्या टेबलाशी आली ती अशी. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला वाटत होतं, तज्ज्ञ म्हणून बोलावलंय.

"काका, सरकारी कागदावर तुमच्या दोन वर्षांची नोंद होईल," शिला म्हणाली. "पण खरं लिहावं लागेल. काय काय फसलं ते सगळं."

"फसलं म्हंजे, जमत आलं होतं."

"जमत आलं होतं असं लिहिलं तर आपलं नुकसान आहे. पूर्ण फसलं असंच पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला तो कायद्यातला माणूस समजावून सांगितला, सगळं माहीत असलेला आणि काही न सुचणारा.

"म्हंजे हात हाय, डोकं न्हाई," तो म्हणाला.

"तसं नाही काका."

"तसंच हाय. लिवा, वकीलसाहेब."

मी लिहिलं. शिलानं वहीतली एकेक तारीख सांगितली आणि त्यानं एकेका तारखेला मान हलवली. शून्यावर आणलेले टायमर, लाखेची सीलं, रेंज. शेवटच्या चाचणीशी आल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "वीज तुटून आली अन् समद्या मोटारी एकदम उचलल्या. एवढंच लिवा." मुन्नाचं नाव त्यानं घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला तेव्हा ते ठाऊकच नव्हतं. शिलाला ठाऊक असणार. ती त्याच शिवारातली. तिनं फक्त "फसली हा शब्द घाला" एवढंच सांगितलं.

अशा प्रकरणात साक्षीदाराची उलटतपासणी सहसा होत नाही. पण कंपनीनं मागितली आणि मिळाली. दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये आम्ही एका मोठ्या पडद्यासमोर बसलो. पडद्यावर निकाल देणारे कंट्रोलरसाहेब, शिलाचा एजंट आणि कंपनीची वकीलबाई. मागच्या बाकावर माणिकराव. त्यांची मोटार त्या दिवशी जळाली होती म्हणून त्यांचंही शपथपत्र होतं. विश्वंभरचं बोलणं मी इंग्रजीत करायचं आणि बाईंचं मराठीत.

बाईंचा आवाज मऊ होता. सुरुवातीला तर त्या शिलाच्याच बाजूच्या वाटल्या.

"तुमच्याकडं फ्रिजचे स्टॅबिलायझर दुरुस्तीला येतात?"

"येतात."

"व्होल्टेज कमी असलं की ते फ्रिजला थांबवतात, हे माहीत होतं?"

"व्हय. लेकरालाबी म्हाईत असतंय."

"त्या दोन वर्षांत असा एखादा दुकानात होता?"

"फळीवर चार-पाच तरी होते."

"आणि टेबलावर हे स्टार्टर. अंतर किती?"

"हात लांबवला की."

"तरी सुचलं नाही?"

त्यानं शिलाकडं बघितलं. शिलाला नेमकं हेच उत्तर हवं होतं. ती पेन घेऊन वाट बघत होती.

"न्हाई सुचलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि एक कागद पडद्यावर आणला. सहा वर्षांपूर्वीचा पंचनामा. खाली विश्वंभरची सही, तिच्याखाली माणिकरावांची.

"या जबाबात तुम्ही म्हणता, अपघात झाला कारण मुन्ना नावाचा माणूस दारू पिऊन होता. शपथपत्रात म्हणता, सगळ्या मोटारी एकदम उचलल्या कारण तुमचे टायमर फसले. दोन्ही एकाच सकाळी, एकाच क्षणी. यातलं खोटं कोणतं?"

मी भाषांतर केलं. मागं माणिकरावांनी खाकरून घसा साफ केला, म्हणजे इशाराच दिला.

तेव्हा पंचनामा खरा असं म्हणून सुटता आलं असतं. साक्ष निकालात निघाली असती, शिलाचं थोडं बिघडलं असतं, बाकी सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

"पंचनाम्यातलं खोटं हाय," विश्वंभर म्हणाला. "मुन्ना पेलेला नव्हता. तो पेतच न्हाई. मीच त्याला म्हनलो, बिनधास्त बसव."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आभार मानले. मला वाटलं संपलं.

"वीज गेल्यावर बोर्डातला आकडा टिकवायला काय करावं लागतं?"

"आता म्हाईत हाय."

"तेव्हा?"

"मला येत नव्हतं."

"शिलाबाईंच्या कॉलेजात हे कितव्या वर्षाला शिकवतात, ठाऊक आहे?"

"न्हाई."

"दुसऱ्या. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे येतं ते तुम्हाला येत नव्हतं, आणि त्यापायी एका माणसाचा डोळा गेला. बरोबर?"

शिलाच्या एजंटानं हरकत घेतली. कंट्रोलरसाहेब म्हणाले, उत्तर द्यायची गरज नाही. पण माझ्या तोंडून तोवर मराठी वाक्य निघून गेलं होतं. मला थांबता आलं असतं. थांबलो नाही.

"बराबर," विश्वंभर म्हणाला.

शिलाला तेव्हा समजलं की हे कुठं चाललंय. तिचं पेन थांबलं. पण साक्ष झालेली होती.

परतीच्या जीपमध्ये मीही होतो, मला नर्सीला उतरायचं होतं. माणिकराव पुढच्या सीटवर बसले आणि मागं न वळता बोलले, "माझी सही हाय रे त्याच्यावर, येड्या. तुला मरायचं तं एकटा मर." मग त्यांनी फोन काढला आणि एकेकाला लावत सुटले. आपण फक्त सही केली, वाचलं नव्हतं, हे सांगायला. विश्वंभर गावात पोचायच्या आधी त्याची साक्ष पोचली.

चार दिवसांनी मुन्ना माझ्या टेबलाशी आला. बरोबर प्रतिक्षा. आता सव्वीस वर्षांची, सेनगावला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिनंच बोलणं केलं.

"भाषांतर तुमीच केलं ना? मंग मराठीत बी तुमीच द्या. शिक्का मारून."

साक्षीची नोंद मी सवयीनं ठेवली होती. मी मराठीत उतरवून दिली. मुन्नानं कागद डाव्या डोळ्याजवळ धरला आणि म्हणाला, "दारूचं कुठं हाय ते दाखवा." मी बोट ठेवलं. त्यानं त्या ओळीवर आपली चिकटलेली बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. मी विचारलं, पुढं काय करायचं ठरवलंय? खोट्या जबाबाबद्दल तक्रार करता येते, मी लिहून देतो.

"सहा वर्सं झाली," प्रतिक्षा म्हणाली. "आता कोन्ता डोळा येनार हाय?"

तो कागद घेऊन मुन्ना देवळात गेला. भजनी मंडळानं वाचून घेतला, वाईट झालं म्हणाले, माळ परत घालायला हरकत नाही म्हणाले. टाळांवर मात्र आता दुसऱ्या पोराचा हात बसलाय, ताल बिघडंल, असं सांगितलं.

वसमतच्या पाहुण्यांना प्रतिक्षानं स्वतः कागदाची झेरॉक्स पाठवली. त्या मुलाला तोवर दोन लेकरं होती. तिनं का पाठवली हे मी विचारलं नाही.

निकाल जूनमध्ये आला. अर्ज नामंजूर. शिलानं मला प्रत पाठवून कळवलं, काकांना समजावून सांगा. मी पुसेगावला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. निता भिंतीला टेकून बसली होती, तिनं चहाचं विचारलं नाही.

मी वाचलं. फ्रिजच्या लेखात व्होल्टेज बघून थांबणं आहे. पहिल्या कागदात स्टार्टर आहे. उरतं मोजणं आणि लक्षात ठेवणं, ती सर्वसामान्य बाब असल्यानं जाणकार व्यक्ती सहज तिथं पोचेल. मला हे पटलं नाही. तो फ्रिजचा लेख मी स्वतः दोनदा वाचलाय, त्यात फ्रिज फक्त थांबतो, शेजारी किती उठले हे तो मोजत नाही. उत्तर माहीत झाल्यावर मोजणं सर्वसामान्य दिसतं, त्याआधी कुणाला दिसलं होतं? पण माझ्या पटण्याला शिक्का नाही.

"माझ्याबद्दल काय लिवलं?" विश्वंभरनं विचारलं.

मी ते टाळणार होतो. त्यानं कागदच ओढला. इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी आपलं नाव त्याला सापडलं. "हे. वाचा."

वाचलं. साक्षीदाराचं शिक्षण आणि ज्ञान पाहता त्याला या क्षेत्रातील सामान्य कौशल्याची व्यक्ती मानता येत नाही. त्यामुळं त्याच्या अपयशावरून काहीही सिद्ध होत नाही.

"सामान्य बी न्हाई?"

"न्हाई."

निता भिंतीशी हसली. हसू बारीक होतं, पण तिनं ते दाबलं नाही. "दोन वर्सं म्हनत होता, झालंच आता, झालंच आता," ती म्हणाली. "आता सरकारनं शिक्का मारून दिला."

पुढची ओळ मी वाचायला नको होती, पण तो बोट काढेना. साक्षीदाराच्या चाचणीवरून एवढं मात्र दिसतं की मोटारी एकामागून एक उठवाव्यात ही कल्पना त्या भागात अर्जाच्या आधीपासून लोकांसमोर होती.

"म्हंजे मला शिलाच्या इरोधात धरलं?"

"व्हय."

तो उठला, फळीवरचा एक स्टॅबिलायझर सरळ केला, परत बसला. मी विचारलं, कारण मला राहवलं नाही. पंचनामा खरा म्हणायचं होतं की. काहून म्हणाला नाहीत?

"तसं म्हनलो आस्तो तं चाचनी झालीच न्हाई आसं झालं आस्तं," तो म्हणाला. "दोन वर्सं खोटी झाली आस्ती, वकीलसाहेब. सहा मोटारी उठल्या होत्या. लोकायनं टाळ्या वाजवल्या होत्या."

मुन्नासाठी बोलला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. त्या दिवसानंतर सांगायचं बंद केलं.

शिलाचा फोन आला तो आठवड्यानं. हायकोर्टात अपील करायचं होतं. "साहेब, काकांचं शपथपत्र मागं घेता येईल का? नवा वकील म्हणतो, त्यानंच बुडवलं. आम्ही एका प्राध्यापकांचं देणार आहोत. त्यांनाही सुचलं नव्हतं."

"त्यांना विचारलंत?"

"काकांना? कशाला, त्यांना वाईट वाटेल." मग थांबून, "मी वाईट नाही हो. सहा वर्षं माझीही गेलीत." तेही खरं होतं. तिचं अपील अजून पडून आहे, आणि त्या पंप कंपनीचा नवा स्टार्टर बाजारात आला आहे. तो बुड्या मोजतो.

पुसेगावच्या शिवारात आता बहुतेकांकडं तो आहे. बसवायला विश्वंभरच लागतो, कारण जवळ दुसरं कुणी नाही. चांगला चालतो, डीपी उडत नाही. फक्त त्याच्या शब्दावर आता कुणी खांबावर चढत नाही. सेनगावचा वायरमन तोंडावर म्हणाला, "तुमी सांगावं अन् आमी चढावं, तसं न्हाई आता." म्हणून चोपन्नाव्या वर्षी तो स्वतःच चढतो.

मागच्या जानेवारीत एका वाटणीपत्रासाठी गेलो होतो तेव्हा बघितलं. माणिकरावांच्याच शेताच्या कडेला डीपीवर विश्वंभर अर्ध्यात चढलेला. बांधावर मुन्ना हरभऱ्याचा डहाळा घेऊन बसलेला. लोक सांगतात, विश्वंभर जिथं चढतो तिथं तो येऊन बसतो. बोलत नाही.

"मुन्ना," वरून हाक आली, "हँडल खाली हाय का बघ रे. मला इथून दिसून न्हाई राहिलं."

हँडल मुन्नाच्या समोर होतं, दहा पावलांवर. डाव्या डोळ्यानंही स्वच्छ दिसेल असं. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा. मग डाव्या हातानं एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला.

विश्वंभर हळूहळू उतरला, हँडल बघितलं, पुन्हा चढायला लागला. वर पोचल्यावर त्याला पुन्हा खात्री वाटेना. पुन्हा हाक मारली, पुन्हा उत्तर आलं नाही, पुन्हा उतरला. मी असेपर्यंत तीनदा.